लाकडावरच्या पणत्या

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी आमच्या घरी पणत्या मांडण्याचा क्रम ठरलेला असे. पहिली देवापुढे, दुसरी तुळशीपाशी, मग उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना, मग गोठ्यात, विहिरीच्या कट्ट्यावर आणि सर्वांत शेवटी उकिरड्यावर. ही शेवटची पणती ठेवण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे आणि मला त्याचा भारी राग येई. देवापुढची पणती थोरल्या भावाने ठेवायची आणि शेणाकचऱ्यातली मी! आईपाशी तक्रार केली, तर ती म्हणे, "अरे, आपली लक्ष्मी तिथूनच शेतात जाते." धाकट्याची समजूत घालण्यासाठी आईने काढलेली ती पळवाट असावी, असे मला वाटे. तिच्या बोलण्यातला अर्थ कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आणि तो कळला तोही निराळ्याच पणत्यांमुळे. त्या मातीच्या नव्हत्या, त्यांत तेल नव्हते की वात नव्हती. करंगळीच्या नखाहून लहान अशा त्या पणत्या कुजक्या लाकडावर उगवल्या होत्या.

मराठीच्या प्राध्यापकाने कुजक्या लाकडाविषयी लिहावे, ह्याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. वर्गात एखाद्या धड्यात 'अळंबी' हा शब्द आला, की "पावसाळ्यात उगवणारी एक भाजी" एवढे सांगून मी पुढे सरकत असे. परंतु २०१७ सालच्या पावसाळ्यात आमच्या घरात एक खटला उभा राहिला. फिर्यादी होता माझा थोरला भाऊ. आरोपी होत्या ह्या पणत्या. आणि आरोपींचे वकीलपत्र माझ्या दहा वर्षांच्या मुलीने परस्पर माझ्या गळ्यात घातले.

मोसंबीचा ढीग

आमचे शेत जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ह्याच तालुक्यात येते. बाहेरच्या लोकांना जालना ठाऊक असते ते बियाण्यांच्या कंपन्यांमुळे, लोखंडाच्या कारखान्यांमुळे आणि मोसंबीमुळे. आमच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जंगलाचे नाव मात्र जालन्याच्या संदर्भात कोणी काढत नाही. उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगा येऊन टेकतात, तिथे काही झाडी आहे. एरवी राज्यातल्या सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमची गणना. ओढ्याच्या काठी उरलेली लिंब, करंज आणि बाभळींची राई, एवढेच आमच्या वाट्याचे अरण्य.

२०१२ साली पावसाने तोंड फिरवले. त्या दुष्काळात राज्यातले जे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले, त्यांत जालना होता. गावोगावच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दादाने टँकरचे पाणी विकत घेऊन काही महिने बाग जगवली. पुढे पाणीही मिळेना आणि पैसाही उरेना. उन्हाळ्यात त्याने झाडे तोडून काढली. बारीक लाकूड विकले गेले. जाड बुंधे तेवढे बैलगाडीत घालून त्याने ओढ्याकाठच्या राईत नेऊन टाकले आणि त्यानंतर तो त्या बाजूला फिरकेनासा झाला. लेकरासारखी वाढवलेली झाडे ढीग होऊन पडलेली कोणाला बघवतील?

त्यावर चार पावसाळे गेले. त्यांतले दोन तर नावाचेच. पाचव्या पावसाळ्यात पोळ्यासाठी आम्ही गावी गेलो. नुकताच चांगला पाऊस होऊन गेला होता. दादाने पुन्हा मोसंबी लावण्याचे मनावर घेतले होते. खड्डे खणून तयार होते, कलमे यायची होती. बैल सजवण्याची धांदल चालू असताना आमची कन्या कुठे दिसेना, म्हणून मी शोधत राईत गेलो. पाहतो तो बाईसाहेब ओल्या ढिगाऱ्यापुढे गुडघे टेकून बसलेल्या.

"बाबा, ह्या बघा पणत्या. आणि आत मसुरीची डाळपण आहे!"

खरोखरच होती. राखाडी-तपकिरी रंगाच्या, बाहेरून लोकरीसारखी लव असलेल्या, जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर रुंदीच्या वाट्या, आणि प्रत्येकीच्या तळाशी चपटे काळसर दाणे. तिने विचारले, "ह्याला काय म्हणतात?" मी बेधडक सांगितले, "कुत्र्याची छत्री."

"छत्री? पण ही तर वाटी आहे. छत्री अशी उलटी कशी असेल?"

वाचकहो, वीस वर्षे शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणाऱ्या माणसाची ह्याहून मोठी फजिती ती कोणती?

दादाची फिर्याद

संध्याकाळी तिने हा शोध काकांना सांगितला. दादाचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो कंदील घेऊन राईत गेला आणि परत येऊन म्हणाला, "लाकडाला बुरशी धरली. ठेवण्यात अर्थ नाही. गौरी जेवल्या, की पेटवून देतो ढीग."

मुलगी रडवेली झाली. मी म्हणालो, "असू दे की दादा. तुझं काय खाते ती?"

"तुला काय जातंय बोलायला? मागल्या बागेत शेवटी-शेवटी डिंक्या शिरला होता. खोडातून डिंक गळायचा, साल सुटायची. तोही बुरशीचाच रोग. आता नवीन कलमं लावायची आणि शंभर पावलांवर बुरशीचं घर राखायचं? उद्या हीच कलमांना लागली, तर तू भरपाई देणार का?"

ह्या प्रश्नावर मला उत्तर नव्हते. दादाचे काही चुकतही नव्हते. एकदा बाग गमावलेल्या शेतकऱ्याने दुसरी लावताना भ्यावे, हे अगदी स्वाभाविक आहे. ही बुरशी कोणती, ती मेलेल्या लाकडावरच राहते की जित्या झाडावरही चढते, हे कळल्यावाचून ढीग राखा म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे झाले असते. तेव्हा ठरले असे: गौरी जेवायच्या आत मी त्या पणत्यांचे नावगाव शोधून आणायचे. हाती दिवस होते नऊ.

निघताना मी दोन-चार पणत्या, आणि त्यांच्याशेजारच्या बुंध्याच्या पोटाला चिकटलेले नारिंगी ठिपके नखाने खरवडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी खिशात ठेवली आणि एस. टी.त बसलो.

पाहावे कसे?

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या बाईंपुढे मी ती पिशवी ठेवली. आतल्या पणत्या चेपल्या होत्या आणि नारिंगी ठिपक्यांचा चिकट लगदा झाला होता. बाई हसल्या. म्हणाल्या, "सर, पोथीचे एक पान फाडून, चुरगाळून आणले आणि ही कोणत्या शतकातली म्हणून विचारले, तर तुम्ही सांगाल का?"

मग त्यांनी मला जे सांगितले, ते पावसाळ्यात मुलाबाळांसह डोंगरात हिंडणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. अशी वस्तू उपटायची नाही. खालच्या लाकडाच्या ढलपीसकट सुरीने काढायची. प्लॅस्टिकमध्ये ती घामेजते व सडते, म्हणून कागदी पुडीत किंवा ओलसर शेवाळ घातलेल्या डबीत ठेवायची. लाकूड कोणत्या झाडाचे, त्याची साल शिल्लक आहे की गेली, जागा सावलीची की उन्हाची, तारीख कोणती, हे तिथल्या तिथे टिपायचे. रंगही लगेच लिहायचा, कारण वाळल्यावर तो बदलतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग खिशात असावे. ते डोळ्याशी धरायचे आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. आणि चव कधीही घ्यायची नाही. विषारी अळंबीने चांदीचे नाणे काळे पडते किंवा लसूण निळा होतो, असले घरगुती दाखले सर्वस्वी खोटे आहेत. त्यांच्या भरवशावर माणसे प्राणाला मुकली आहेत.

"आता पणतीकडे वळू," बाई म्हणाल्या. "लाकडावर वाटीसारखे जे जे दिसते, ते सगळे एका जातीचे नसते. आधी तोतये बाजूला काढायचे."

पहिला तोतया माझ्याच पिशवीत होता. ज्या वाटीत डाळीसारखे दाणे असतात, ती खरी 'पेला-कवक' नव्हेच. शास्त्रात तिला सायाथस म्हणतात. ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ पेला असा आहे. इंग्रज लोक तिला पक्ष्याचे घरटे म्हणतात, कारण आतले दाणे अंड्यांसारखे दिसतात. हा प्रत्येक दाणा म्हणजे असंख्य बीजाणूंची बंद पुडी. पावसाचा टपोरा थेंब वाटीत बरोबर पडला, की वाटीच्या उतरत्या भिंतींमुळे पाणी जोराने वर उसळते आणि पुडी बाहेर भिरकावली जाते. जेमतेम सेंटिमीटरभर उंचीच्या वाटीतून ती मीटरभर लांबही जाऊन पडते! सायाथसच्या पुडीला चिकट टोकाची बारीक दोरी असते. उडताना ती दोरी एखाद्या काडीला किंवा पानाला गुंडाळते आणि पुडी तिथे लटकून राहते. नेमका थेंबाच्या माऱ्याला जुळणारा हा आकार कसा काम करतो, ह्याचा हॅरोल्ड ब्रोडी ह्या शास्त्रज्ञाने आयुष्यभर अभ्यास केला आणि १९७५ साली केवळ ह्या घरट्यांवर एक ग्रंथ लिहिला.

दुसरा तोतया शायझोफायलम. हा पांढुरका, लोकरी, पंख्यासारखा. कोवळा असताना उलट्या वाटीसारखा दिसतो. उलटून पाहिले, की खाली पापडाच्या चुण्यांसारखे पडदे दिसतात आणि प्रत्येक पडदा मधोमध उभा चिरलेला असतो. उन्हात हे पडदे वळून मिटतात आणि पाऊस पडताच पुन्हा उलगडतात. शहरातल्या वखारीतही तो सापडतो.

तिसरा ऑरिक्युलेरिया, म्हणजे लाकडाचा कान. तपकिरी, रबरासारखा लवचिक, दाबला की दबणारा. चिनी स्वयंपाकात ह्याच्या काही जाती आवडीने खातात. पण आपण ते धाडस करू नये.

"हे तिघे वगळले," बाई म्हणाल्या, "आणि तरीही आतून गुळगुळीत, दाणे नसलेली, पडदे नसलेली वाटी किंवा बशी उरली, तर ती बहुधा खरी. तुमच्या पणत्यांचा निकाल लागला. पण हा नारिंगी लगदा मात्र तुम्ही पुन्हा आणा. ताजा, लाकडासकट, ओला."

बशीच्या आत काय असते?

रविवारी आम्ही बापलेक पुन्हा गावी गेलो. ह्या खेपेस सुरी मुलीच्या काकूने दिली, डबी मुलीच्या कंपासपेटीची आणि भिंग बाईंचे. ढिगाच्या तळाशी, बुंध्याच्या जमिनीकडच्या बाजूला, साल गळून मऊ पडलेल्या लाकडावर ते ठिपके होते. भिंगाखाली धरताच ठिपक्याची बशी झाली! मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीच्या, मेणासारख्या अर्धपारदर्शक, नारिंगी बशा. काठ नितळ, केस नाहीत, देठ जवळजवळ नाहीच. मुलीने वहीत एक-एक नोंद केली. लाकूड: मोसंबी. तारीख: २७ ऑगस्ट. जागा: ओढ्याकाठी, सावलीत.

सोमवारी प्रयोगशाळेत बाईंनी ब्लेडने त्या बशीचा केसाएवढा पातळ काप घेतला, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. आत काय दिसावे? बशीच्या पृष्ठभागावर उभ्या नळकांड्यांची दाटी होती, गालिच्याच्या धाग्यांसारखी. प्रत्येक नळकांडे म्हणजे एक पिशवी आणि पिशवीत आठ बीजाणू. पेला-कवकांचे सगळे रहस्य ह्या पिशवीत आहे. पिशवीत पाण्याचा दाब वाढत जातो आणि शेवटी टोक फुटून बीजाणू बाहेर उडतात. मोठ्या जातींत वाटीला नुसती फुंकर घातली किंवा धक्का लागला, तर हजारो पिशव्या एकदम फुटतात आणि वाटीतून धुरासारखा लोट उठलेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

ही पिशवी फुटते कशी, ह्यावर ओळख अवलंबून असते. एमिल बूद्ये नावाचे एक फ्रेंच औषधविक्रेते होते. काही जातींच्या पिशवीला डबीसारखे झाकण असते आणि काहींच्या पिशवीला नुसते छिद्र पडते, हा भेद ओळखून त्यांनी १८८५ साली ह्या साऱ्या मंडळींची नवी मांडणी केली. आजही अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो तो झाकणाचाच. दुसरी कसोटी आयोडिनची. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडिन टाकून ती निळी होताना आपण पाहिलेली असते. तसाच थेंब येथे टाकला, की काही जातींच्या पिशवीचे टोक निळे होते, काहींचे होत नाही.

आमच्या बशीच्या पिशवीला झाकण नव्हते. आयोडिनने ती निळी झाली नाही. बीजाणू अगदी बारीक, थोडे वाकलेले. बाईंनी भिंगावर तेलाचा थेंब घेऊन हजारपट मोठे करून पाहिले आणि त्या एकदम म्हणाल्या, "हे बघा, बीजाणूच्या एका टोकाला थेंबासारखे काहीतरी लटकले आहे. हे फक्त जिवंत पेशीत दिसते. वाळवलेल्या नमुन्यात नाहीसे होते. म्हणून मी ताजे आणा म्हटले होते." मग त्यांनी कागदावर एक नाव लिहिले: ऑर्बिलिया.

"आणि पुढचे नाव?" मी विचारले. शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात, एवढे मला ठाऊक होते.

"पुढचे नाव नाही सांगता यायचे. ऑर्बिलियाच्या कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात. त्यासाठी बीजाणू वाढवून पाहावे लागतील, आजकाल तर त्यांच्या गुणसूत्रांतला मजकूरही वाचून पाहतात. अंदाजाने नाव ठोकून देणारे पुष्कळ भेटतात, सर. पण चुकीच्या नावापेक्षा अर्धे नाव बरे."

हस्तलिखितात एखादे अक्षर लागत नसेल, तर चांगला संपादक तिथे कंस करून जागा मोकळी ठेवतो. आपल्या पदरचे अक्षर घालत नाही. हा नियम वर्गात मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तो कवकशास्त्रालाही लागू असेल, हे काही माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

यादीत नसलेला मुलूख

मी विचारले, "मग मराठवाड्यातल्या अशा पणत्यांची कुठे यादी नाही का?"

त्यावर बाईंनी जो इतिहास सांगितला, तो थोडक्यात असा. एडविन बटलर हे आयरिश शास्त्रज्ञ १९०१ साली भारतात सरकारी कवकतज्ज्ञ म्हणून आले आणि १९३१ साली बिस्बी ह्यांच्यासह त्यांनी भारतातल्या कवकांची पहिली मोठी सूची प्रसिद्ध केली. १९३५ साली उप्पल, पटेल आणि कामत ह्यांनी मुंबई इलाख्याची सूची केली. पुण्यात १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था निघाली. तिलाच १९९२पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तिथल्या कवक-संग्रहाला आजरेकर ह्या आद्य महाराष्ट्रीय कवकतज्ज्ञांचे नाव आहे. कामत, पटवर्धन, राव आणि साठे ह्यांनी १९७१ साली महाराष्ट्राची सूची सिद्ध केली. पेला-कवकांचा खास अभ्यास मात्र झाला तो प्रामुख्याने हिमालयाच्या बाजूला. पंजाब विद्यापीठाचे ठिंड आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी मसुरीचे डोंगर पिंजून काढले आणि त्यानंतर १९६३ साली लेखराज व सुझान बात्रा ह्या दांपत्याने भारतातल्या पेला-कवकांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला.

आता १९३५ सालच्या मुंबईच्या यादीत जालना असणार कसे? त्या वेळी आम्ही निजामाच्या राज्यात होतो! औरंगाबादला विद्यापीठ निघाले ते १९५८ साली. तिथे एस. टी. टिळक ह्यांनी मराठवाड्यातल्या कवकांचा अभ्यास सुरू केला. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या हवेत कोणते बीजाणू तरंगतात, हेही त्यांनी तपासले, कारण हीच मंडळी त्या थोर चित्रांवर बसून त्यांची नासाडी करतात.

सह्याद्रीच्या पावसाळी जंगलात हिंडणाऱ्यांना मोठ्या, देखण्या पेला-कवकांचा लाभ होतो. कुकिना नावाचा एक गुलाबी-नारिंगी पेला तिथे कुजक्या फांद्यांवर उगवतो. त्याला उंच देठ, काठाला केस आणि पोटात पावसाचे पाणी असते. लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये नोकरी केलेल्या कुक ह्या इंग्रज अभ्यासकाच्या नावावरून त्याचे नाव पडले. असला पेला पाहून कोणीही थबकेल. आमच्या कोरड्या मुलुखातली दीड मिलिमीटरची बशी पाहण्यासाठी मात्र ओल्या मातीत गुडघे टेकावे लागतात. आजवर जगात कवकांच्या सुमारे दीड लाख जातींना नावे मिळाली आहेत, आणि प्रत्यक्षात त्या बावीस ते अडतीस लाख असाव्यात असा अंदाज २०१७ सालीच दोन शास्त्रज्ञांनी मांडला. उरलेल्या जाती कुठे असतील? काही थोड्या आमच्या ओढ्याकाठीही असतील, असे मानायला काय हरकत आहे?

निकाल

गौरी जेवायच्या दिवशी आम्ही सकाळीच गावी पोहोचलो. वहिनी सोळा भाज्यांच्या गडबडीत होती. दादा ओसरीवर बसला होता. मुलीने वही उघडली आणि मी बाजू मांडली.

पहिली गोष्ट, डाळवाली पणती सायाथस. ती मेलेले लाकूड, पाचट, शेण ह्यांवर जगते. जित्या झाडाच्या वाटेला जात नाही. दुसरी गोष्ट, डिंक्याचा रोग फायटोफ्थोरामुळे होतो. ग्रीक भाषेत ह्या नावाचा अर्थच 'झाडांचा नाश करणारा' असा आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा त्याचाच भाऊबंद. आणि आजचे शास्त्र तर त्याला खऱ्या बुरशीत धरतही नाही. त्याचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी लावते. तो माजतो तो खोडाशी पाणी साचले म्हणजे. त्यावर उपाय म्हणजे पाण्याचा निचरा, कलमाचा डोळा मातीच्या वर ठेवणे आणि खोडाला बोर्डो मलम. ढीग जाळून डिंक्या टळायचा नाही.

मात्र एक गोष्ट मी लपवली नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशा जित्या झाडाच्या मुळांतही शिरतात. गॅनोडर्मा हे त्यांतले एक नाव. तिचे फळ लाकडाला काटकोनात फुटणाऱ्या कठीण, चकचकीत फळीसारखे असते. तसे काही ह्या ढिगावर कुठेही दिसले नाही. दिसले, तर तो बुंधा जरूर जाळावा.

"आणि ते नारिंगी?" दादाने विचारले.

"ते ऑर्बिलिया. त्याच्या कुळातल्या कित्येकांची एक गंमत आहे, दादा. लाकडात खाणं पुष्कळ, पण नत्र फार थोडं. म्हणून ही मंडळी नत्रासाठी शिकार करतात. मातीत आणि लाकडात धाग्यांचे फास लावून ठेवतात आणि त्यांत सूत्रकृमी पकडून खातात. झोप्फ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ सालीच असे फास पाहिले होते."

दादा सावरून बसला. सूत्रकृमी हा शब्द मोसंबीवाल्याला सांगावा लागत नाही. त्यांच्यापायी मुळे खंगून झाडे कशी रोडावतात, हे त्याने पाहिलेले असते. "म्हणजे हे आपल्या बाजूचं म्हण की!"

"तसं ठामपणे नाही सांगता येत. कुळातले पुष्कळ जण शिकार करतात. हा करतो की नाही, ते ठाऊक नाही. ह्याचं पूर्ण नावच लागलं नाही."

"आठ दिवस खपून नाव नाही लागलं?"

"आडनाव लागलं, काका," मुलगी वहीत बोट घालून म्हणाली. "पाळण्यातलं नाव राहिलं."

दादा बराच वेळ हसला. मग उठून राईकडे गेला. मीही पाठोपाठ गेलो. एका बुंध्याला त्याने टाचेने दाबले, तसा तो चुलीतल्या कोळशासारखा फुटला आणि आतून काळी, भुसभुशीत माती निघाली. दादाने ती मूठभर उचलून नाकाशी नेली. पहिल्या पावसाला येतो तसा वास होता तिला. "एवढं झालं होय ह्याचं!" एवढेच तो बोलला. पाच वर्षांत त्या ढिगाला त्याने लावलेला तो पहिला हात असावा.

ढिगाचे त्याने दोन भाग केले. वरचे अजून कडक असलेले ओंडके वहिनीच्या चुलीला गेले. घर चालवणाऱ्या बाईचा हक्क शास्त्राहून कमी नसतो. खालचा कुजका भाग जिथल्या तिथे राहिला. आषाढात खणलेल्या खड्ड्यांत कलमे लागली, आणि त्यांच्या खोडांना दादाने न विसरता बोर्डो मलम लावला.

त्या दिवाळीला पणत्या मांडताना वहिनीने नेहमीचा क्रम चालवला. देव, तुळस, उंबरा, गोठा, विहीर. उकिरड्यावरची पणती ठेवायला आता आमची मुलगी जाते. ती ठेवून परत आली, तेव्हा ताटात एक पणती उरली होती. वहिनी म्हणाली, "ही राईत ठेवून ये गं, त्या लाकडांपाशी. पण वाऱ्याला सांभाळ, नाहीतर जाळायचं टळलं ते आपणच जाळू!"

दादा बॅटरी घेऊन तिच्याबरोबर गेला. ओसरीवरून मला अंधारात तो एवढासा उजेड दिसत होता. आई आज असती, तर तिला सांगितले असते, की आता माझी काही तक्रार नाही.